भाग ४१ : सिगारेटच्या धुरातून जन्मलेली घंटा

(नेहमीप्रमाणे हे ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे गाळलेत, सगळे गेले असतील अशी खात्री नाही.)

आजचा भाग एका कबुलीने सुरू करते.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी आठ महिने इंग्लंडमध्ये होते. आम्ही तिघी एका दुमजली भाड्याच्या घरात राहायचो. एक हैदराबादची, एक नाशिकची आणि मी. घर ताब्यात देताना एजंटने आम्हाला एक गोष्ट आवर्जून दाखवली. जिन्याखाली आणि जिन्यावर, छताला चिकटलेली एकेक पांढरी डबी. त्याने झाडूच्या दांड्याने बटण दाबलं, कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि त्याने कागदावर आमच्या सह्या घेतल्या. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म बसवणं आणि भाडेकरू राहायला येतो त्या दिवशी तो चालू आहे याची खात्री करणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे.

आणि मग आम्ही पहिली फोडणी केली.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. मोहरी तडतडली, मिरची पडली, ठसका लागायच्या आत अलार्म बोंबलायला लागला. खिडक्या उघडा, टॉवेल फडफडवा, शेजारच्या आजी दारात. पहिल्या आठवड्यात हे चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी खुर्चीवर चढून खालच्या अलार्मला शॉवर कॅप घातली. परदेशात राहिलेल्या कुठल्याही भारतीयाला विचारा, ही युक्ती आपल्याकडे पिढीजात ज्ञानासारखी पुढे जाते. स्वयंपाक झाला की टोपी काढायची, एवढाच नियम होता.

एका रात्री मी ती काढायला विसरले. वर जाऊन झोपले. हैदराबादवाली उशिरापर्यंत काम करत होती. तिने बटाटे उकडायला ठेवले आणि सोफ्यावर तिचा डोळा लागला. पाणी आटलं, बटाटे जळाले, मग पातेल्याचा दांडा वितळायला लागला. नाशिकवाली उशिराची शिफ्ट संपवून दीड वाजता आली तेव्हा खालचा मजला धुराने भरलेला होता. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असल्यामुळे वर अजून फारसा धूर पोचला नव्हता, त्यामुळे वरचा अलार्म गप्प. खालचा गप्प का होता ते तुम्हाला माहीत आहे. तिने आधी गॅस बंद केला, मग सोफ्यावरचीला ओढत बाहेर आणलं, मग माझ्या नावाने हाका मारल्या. कुणालाही काही झालं नाही. हैदराबादवालीला दोन दिवस खोकला होता, एवढंच.

सकाळी मी ती टोपी काढली. आतून पांढरी, बाहेरून करडी झाली होती.

त्या डबीचा इतिहास मी शोधायला घेतला तो अपराधीपणातून, हे मान्य करते. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की माझी शॉवर कॅप हा काही या गोष्टीतला अपवाद नाही. या यंत्राचा अर्धा इतिहास पदार्थविज्ञानाचा आहे आणि उरलेला अर्धा, ते बंद करणाऱ्या माणसांचा.

तर सुरुवात करूया. आग लागली की आपोआप वाजेल अशी घंटा ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस अप्टन या अमेरिकन गणितज्ञाने, जो एडिसनच्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत विजेच्या दिव्यावर काम करायचा, १८९० मध्ये एका सहकाऱ्याबरोबर विजेवर चालणाऱ्या फायर अलार्मचं पेटंट घेतलं. १९०२ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जॉर्ज अँड्र्यू डार्बीने आणखी एक घेतलं. पण ही सगळी यंत्रं उष्णता ओळखणारी होती. खोली तापली की तार जुळणार आणि घंटा वाजणार. गोदामाला हे ठीक आहे. पण झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरचं छत तापेपर्यंत त्या खोलीतल्या हवेत श्वास घेण्यासारखं काही उरलेलं नसतं. घराच्या आगीत बहुतेक माणसं भाजण्याआधी धुराने जातात.

म्हणजे ओळखायचा होता धूर. आणि तो ओळखला गेला चुकून.

१९३० च्या दशकाचा शेवट, स्वित्झर्लंड. पहिल्या महायुद्धातला विषारी वायू लोकांच्या आठवणीत ताजा होता आणि दुसरं युद्ध दारात. वॉल्टर येगर नावाचा भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवायच्या मागे होता. त्याची कल्पना अशी : दोन पट्ट्यांमधल्या हवेला विद्युतभारित करायचं, म्हणजे त्या हवेतून अगदी सूक्ष्म प्रवाह वाहील. विषारी वायूचे रेणू आत आले की ते त्या भारित कणांना चिकटतील आणि प्रवाह बदलेल. कागदावर झकास. प्रत्यक्षात वायू सोडला तरी काटा ढिम्म हलेना. वैतागून येगरने सिगारेट शिलगावली. आणि काटा पडला.

वायूच्या रेणूंना जे जमलं नाही ते धुराच्या कणांनी केलं, कारण धुराचा कण रेणूच्या मानाने प्रचंड मोठा असतो. भारित कण त्याला चिकटतात आणि जड होऊन रेंगाळतात, त्यामुळे प्रवाह कमी होतो. पण तो प्रवाह इतका क्षीण असतो की त्यावर घंटा वाजवायची तर तो आधी वाढवायला हवा. ते काम अर्न्स्ट मायली या दुसऱ्या स्विस भौतिकशास्त्रज्ञाने एका खास नळीच्या मदतीने केलं. १९४१ मध्ये दोघांनी बाड रागाझ या गावी कंपनी काढली आणि नाव दिलं सर्बेरस. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी बसलेला तीन डोक्यांचा कुत्रा. (आमच्या क्षेत्रात इतकं चपखल प्रॉडक्ट नेम मी अजून पाहिलेलं नाही.)

ही यंत्रं मोठी आणि महाग होती. १९५० च्या दशकात अमेरिकेतही विकली जायला लागली, पण कारखाने आणि मोठ्या इमारतींसाठी. हवा भारित करायला आत रेडिअम असायचं. घरात यायला त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या : रेडिअमपेक्षा स्वस्त आणि सुरक्षित काहीतरी, आणि बॅटरीवर चालण्याइतकं कमी विजेचं सर्किट.

पहिली गोष्ट आली अणुबॉम्बच्या प्रकल्पातून. १९४४ मध्ये शिकागोत ग्लेन सीबॉर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ९५ क्रमांकाचं नवं मूलद्रव्य तयार केलं. ते ९६ क्रमांकाच्या मूलद्रव्यापासून वेगळं करताना इतका त्रास झाला की गटातले लोक त्या दोघांना गमतीने 'गोंधळ' आणि 'भ्रम' अशा अर्थाच्या इंग्रजी नावांनी हाक मारायचे. युद्ध संपेपर्यंत सगळं गुप्त होतं. अधिकृत घोषणा नोव्हेंबर १९४५ मध्ये एका शास्त्रीय परिषदेत व्हायची होती. त्याच्या पाच दिवस आधी सीबॉर्ग मुलांच्या रेडिओ कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला. एका मुलाने सहज विचारलं, आणखी कुठली नवी मूलद्रव्यं सापडलीत का? आणि सीबॉर्गने सांगून टाकलं. हो, दोन सापडलीत. मला ही गोष्ट फार आवडते. एवढं मोठं गुपित आणि फुटलं कुठे, तर बालविहारमध्ये.

त्या ९५ क्रमांकाच्या मूलद्रव्याचं नाव अमेरिसिअम. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने ते विकायला काढलं, ग्रॅमला १५०० डॉलर. भाव ऐकून दचकू नका. घरातल्या एका अलार्मला लागतं साधारण ०.३ मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅममध्ये तीस लाखांहून जास्त अलार्म होतात आणि एका अलार्ममधल्या अमेरिसिअमची किंमत एका सेंटच्या विसाव्या भागाच्या आसपास येते. त्यातून निघणारे अल्फा कण हवेत काही सेंटिमीटर जातात, साध्या कागदाने अडतात. अर्धायुष्य ४३२ वर्षं. आता कुणी म्हणेल, घरात किरणोत्सारी पदार्थ? छताला टांगलेल्या बंद डबीत तो निरुपद्रवी असतो, फक्त डबी फोडायची नाही. आपल्याकडेही अशा अलार्मवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं नियंत्रण आहे.

दुसरी गोष्ट, छोटं सर्किट, ही अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये घडली आणि इथे परत एक सिगारेट येते. ड्वेन पिअर्सल नावाचा उद्योजक स्टॅटिट्रोल ही कंपनी चालवायचा. ते बनवत होते हवेतली स्थिर वीज घालवणारं यंत्र, ज्यात हवेत भारित कण सोडले जातात. १९६३ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की कर्मचाऱ्याच्या सिगारेटचा धूर जवळ आला की कणांचं मोजमाप करणारा काटा घसरतो. येगरला जे वीसेक वर्षांपूर्वी दिसलं तेच. पिअर्सलने स्थिर वीज सोडून दिली आणि धुराच्या मागे लागला. त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाने अमेरिसिअमचे अलार्म वितरित करायला पहिला परवाना दिला आणि १९६९ मध्ये घरमालकांना ते वेगळ्या परवान्याशिवाय वापरायला मोकळीक मिळाली. स्टॅटिट्रोलसह दोन-तीन कंपन्यांनी बॅटरीवरचे घरगुती अलार्म बाजारात आणले. पिअर्सलला १९७६ मध्ये अमेरिकेतला त्या वर्षीचा सर्वोत्तम लघुउद्योजक म्हणून गौरवलं गेलं.

लोकांना ते घ्यावंसं का वाटलं? १९७३ मध्ये 'अमेरिका बर्निंग' हा सरकारी आयोगाचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की देशात आगीत दरवर्षी सुमारे १२,००० माणसं मरतात, आणि उपायांमध्ये घराघरात धोक्याची लवकर सूचना देणारं यंत्र हा एक होता. मग प्रश्न आला : यंत्र बसवायचं कुठे आणि किती? ते कुणाला माहीत होतं?

इथला किस्सा माझा सगळ्यात आवडता आहे, कारण हे खरं टेस्टिंग आहे. मिशिगन सरोवराच्या काठी इंडियाना ड्यून्स हे राष्ट्रीय उद्यान होत होतं आणि त्यासाठी घेतलेल्या जमिनीवरची घरं पाडायची होती. संशोधकांनी ती मागून घेतली. १९७० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी त्या खऱ्या घरांमध्ये खऱ्या गाद्या आणि सोफे पेटवले, खोल्याखोल्यांत वेगवेगळे अलार्म टांगले आणि मोजलं : अलार्म वाजल्यापासून बाहेर पडायची वाट धुराने बंद होईपर्यंत किती वेळ मिळतो? उत्तर असं निघालं की प्रत्येक मजल्यावर एक धुराचा अलार्म असेल तर बहुतेक वेळा माणसांना बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळतो, आणि खोल्याखोल्यांत उष्णता ओळखणारी यंत्रं लावण्यापेक्षा हे बरं. 'प्रत्येक मजल्यावर एक' हा नियम, ज्याच्यावर मी सह्या केल्या होत्या, तो असा पाडायच्या घरांमध्ये गाद्या जाळून ठरलाय.

मग अलार्म झपाट्याने पसरले. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या दहा टक्क्यांहून कमी घरांत ते होते, २००० पर्यंत किमान ९५ टक्के घरांत पोचले. याच काळात घराच्या आगीतले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. सगळं श्रेय डबीचं नाही, लोक सिगारेटही कमी ओढायला लागले होते. पण बरंचसं आहेच.

इथे गोष्ट संपायला हवी होती. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने घरोघर जाऊन पाहिलं तेव्हा अलार्म असलेल्या दर पाचांपैकी सुमारे एका घरात एकही अलार्म चालू नव्हता. यंत्र बिघडलं म्हणून नाही. मुख्य कारण होतं, बॅटरी काढून ठेवलेली किंवा तार सोडवलेली.

मी ऑन-कॉल ड्यूटी करते. म्हणजे आठवड्यातून काही रात्री माझ्या उशाशी फोन असतो आणि सर्व्हरला काही झालं की तो कोकलतो. ज्या आठवड्यात तो रात्री सहा वेळा विनाकारण वाजतो, त्या आठवड्यात सातव्या वेळी मी अर्ध्या झोपेत 'म्यूट' दाबते. हे मी अभिमानाने सांगत नाहीये. पण आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे आणि चांगली टीम अलर्ट लिहिताना 'काही निसटू नये' याच्याइतकाच विचार 'उगाच वाजू नये' याचाही करते. अलार्मच्या डबीला हा विचार करायला बराच वेळ लागला.

त्यासाठी आता दुसऱ्या जातीच्या अलार्मकडे वळावं लागेल. उन्हाळ्यात दुपारी अंधाऱ्या खोलीत कौलाच्या फटीतून कवडसा येतो, बघा. एरवी न दिसणारी धूळ त्यात नाचताना दिसते, कारण ती प्रकाश इकडेतिकडे उडवते. तेच तत्त्व. डबीच्या आत काळोखी पेटी, एका बाजूला छोटा दिवा, आणि प्रकाश थेट पडणार नाही अशा कोनात एक संवेदक. हवा स्वच्छ असेल तर संवेदकाला अंधार. धूर आला की प्रकाश विखुरतो, थोडा संवेदकावर पडतो, घंटा वाजते. याला फोटोइलेक्ट्रिक किंवा ऑप्टिकल म्हणतात. हा १९७० च्या दशकातच घरगुती रूपात आला होता, पण तेव्हा दिव्याला वीज जास्त लागायची, म्हणून स्वस्त आणि बॅटरीवर चालणारा अमेरिसिअमवाला पुढे निघून गेला.

फरक कुठे पडतो? ज्वाळा असलेल्या आगीतून फार बारीक कण निघतात. ते अमेरिसिअमवाला आधी ओळखतो. धुमसणाऱ्या आगीतून मोठे कण निघतात, ते कवडशावाला आधी ओळखतो, आणि कधीकधी हा फरक बऱ्याच मिनिटांचा असतो. धुमसणं म्हणजे काय हे मुंबईला वेगळं सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमधल्या फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. आग आत धुमसत होती. दुपारी दोनच्या सुमारास जहाजावर धावपळ सुरू झाली आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आपला अग्निशमन सेवा दिन त्या तारखेचा आहे.

घरात धुमसणारी आग म्हणजे गादीवर पडलेली सिगारेट, पांघरुणाला लागलेली मच्छर अगरबत्ती, उशीखाली तापलेला चार्जर. आणि आता यातली चमत्कारिक गोष्ट बघा. दोन वेळा सिगारेटच्या धुराने जन्माला घातलेलं यंत्र, अमेरिकेत घरच्या आगीत सगळ्यात जास्त बळी घेणाऱ्या कारणाच्या, म्हणजे सोफ्यावर धुमसणाऱ्या सिगारेटच्या बाबतीत, दोघांतलं हळू निघालं.

आणि तळणाच्या बाबतीत मात्र भलतंच चपळ. तापलेल्या तेलातून, तव्यावरून, टोस्टरमधून निघतात ते नेमके बारीक कण. अमेरिसिअमवाल्याला फोडणी आणि पेटलेला पडदा यांत फरक कळत नाही.

यावर एक छोटा अभ्यास आहे, तो मला सगळ्या आकडेवारीपेक्षा पटला. अलास्कात मूळ रहिवाशांच्या काही वस्त्या आहेत, लहान घरं, एकाच जागेत स्वयंपाक, झोपणं, शेकोटी. आपल्या वन रूम किचनचाच थंड भाऊ. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शंभरेक घरांत अलार्म बसवले, काहींत अमेरिसिअमवाले, काहींत कवडशावाले. सहा महिन्यांनी जाऊन पाहिलं. पहिल्या प्रकारच्या ९२ टक्के घरांत निदान एकदा खोटा गजर झाला होता, दुसऱ्या प्रकारच्या ११ टक्के घरांत. आणि चालू स्थितीत किती राहिले? पहिल्या प्रकारच्या घरांत ८१ टक्के, दुसऱ्यात ९६. म्हणजे प्रयोगशाळेत काही सेकंद कोण जिंकतं याच्यापेक्षा सहा महिन्यांनी छतावर कोण टिकतं हा प्रश्न मोठा आहे. अलीकडे अमेरिकेच्या यूएल २१७ या मानकात एक नवी चाचणी आली : अलार्मखाली हॅम्बर्गर भाजायचे, आणि ते भाजेपर्यंत अलार्मने गप्प राहायचं. फोडणीची चाचणी कुणीतरी लिहायला हवी.

इंग्लंडहून परत आल्यावर मी सांगलीला आईबाबांच्या घरी अलार्म बसवायचा ठरवला. आजीही तिथेच असते, ८१ वर्षांची. आमच्या ओळखीत एकाही घरात ही डबी नव्हती.

पहिली खरेदी फसली. ऑनलाइन 'स्मोक डिटेक्टर' शोधून स्वस्तातला एक मागवला, छताला लावला आणि अगरबत्ती फिरवली. लाल दिवा नाही, आवाज नाही. मागचं लेबल वाचलं तेव्हा कळलं की हा ऑफिसात असतो तो, पॅनेलला जोडायचा. स्वतःचा आवाजच नाही त्याला. बाबा म्हणाले, "अगं, छान आहे की. शोभेची वाटी." तर तुम्ही घेणार असाल तर हे नीट बघा : स्वतःचा आवाज आणि स्वतःची बॅटरी असलेला स्मोक 'अलार्म' हवा, फोटोइलेक्ट्रिक किंवा ऑप्टिकल लिहिलेला, आणि ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ यापैकी एखाद्या मानकाचा उल्लेख असलेला. दहा वर्षांची सीलबंद बॅटरी मिळाली तर उत्तम, कारण मग रिमोटसाठी सेल काढून नेता येत नाही. आमच्या घरात हा धोका आगीपेक्षा मोठा आहे.

जागेवरून जास्त चर्चा झाली. आईने आधीच सांगून टाकलं, "माझ्या स्वयंपाकघरात ते नको, आणि देवघरासमोरही नको." आणि खरं सांगायचं तर ती बरोबर होती. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म लावूच नये, शेगडीपासून निदान तीन मीटर लांब ठेवावा. स्वयंपाकघरात लावायचाच तर उष्णता ओळखणारा, म्हणजे फिरून डार्बीचाच वंशज. धूप-कापूर असतो तिथेही नको. आम्ही एक झोपण्याच्या खोल्यांसमोरच्या पॅसेजमध्ये आणि एक आजीच्या खोलीत लावला, छताला, कोपरा सोडून आणि पंख्याच्या वाऱ्यापासून लांब. पंखा धूर ढकलून देतो, आणि पंख्याशिवाय सांगली शक्य नाही.

बाबांचा आक्षेप वेगळा होता. "धूर झाला तर वासाने जाग येईलच ना." मलाही आधी तसंच वाटायचं. पण २००४ मध्ये ब्राउन विद्यापीठात झोपलेल्या काही तरुणांवर प्रयोग झाला. पेपरमिंटचा वास दिला, पिरिडिनचा उग्र वास दिला. गाढ झोपेतले लोक उठले नाहीत, आवाजाने मात्र उठले. झोपल्यावर नाक पहारा देत नाही. त्या सोफ्यावर झोपलेली माझी मैत्रीण धुराच्या मधोमध होती.

आवाजाचीही एक अडचण आहेच. नेहमीच्या अलार्मचा आवाज फार पट्टीतला असतो, ३००० हर्ट्झच्या आसपास, आणि वय झालं की कान आधी वरच्याच पट्ट्या सोडतात. लहान मुलंही त्या आवाजात खुशाल झोपून राहतात असं ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत दिसलंय. ५२० हर्ट्झचा खर्जातला आवाज जास्त लोकांना उठवतो, पण तसे अलार्म इथे सहज मिळाले नाहीत. मग आम्ही दोन्ही अलार्म वायरलेसने एकमेकांशी जोडलेले घेतले, म्हणजे एक वाजला की दोन्ही वाजतात. आजी नाही उठली तरी आईबाबा उठतील.

घाई का, हेही बाबांना सांगितलं. इंडियाना ड्यून्ससारख्या चाचण्या अमेरिकेत २००० नंतर पुन्हा झाल्या. ज्वाळांच्या आगीत १९७५ मध्ये बाहेर पडायला सरासरी १७ मिनिटं मिळत होती, तिथे आता ३ मिनिटं. कापसाच्या गाद्या जाऊन फोमचे सोफे आले, हे त्यातलं मोठं कारण. आजीला पलंगावरून उठून दारापर्यंत यायला किती वेळ लागतो ते आम्ही एकदा घड्याळ लावून पाहिलं. सव्वा मिनिट. चष्मा शोधायचा असेल तर दोन.

एक सांगायचं राहिलं, गॅस गीझर असलेल्यांसाठी खास. धुराचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, गळणारा एलपीजीही नाही. त्यांची यंत्रं वेगळी असतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याचं यंत्र खाली, जमिनीजवळ लागतं. बाथरूममधल्या गॅस गीझरवर एक पूर्ण भाग करायचाय, तो पुढे कधीतरी.

आता दोन वर्षं झाली. दर महिन्याच्या एक तारखेला बाबा आजीची काठी घेऊन बटण दाबतात, दूधवाल्याच्या हिशोबाआधी. दिवाळीच्या साफसफाईत आई वरची धूळ ब्रशने काढते. धूळ किंवा कोळी आत गेला तरी कवडशावाला उगाच वाजतो. मागच्या पावसाळ्यात पॅसेजमधला रात्री अडीच वाजता वाजला. आईबाबा आजीला घेऊन जिन्यात, शेजारचे काका बनियनवर बाहेर. आग नव्हती, आत पंखवाला किडा गेला होता. फोनवर हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, झालं, आता काढून ठेवणार.

"काढला का हो?" मी बाबांना विचारलं.

"काढला होता," ते म्हणाले. "साफ करून परत लावला. आणि ऐक, काकांनी विचारलंय कुठून घेतला. ती लिंक पाठव."